विचारून लावलेला हात

मालीश या शब्दाची मला चीड होती. आमच्या आईच्या लेखी मालीश म्हणजे बाळंतिणीची, आणि आमच्या कंपनीतल्या लोकांच्या लेखी मालीश म्हणजे बँकॉकला जाऊन आलेल्यांनी एकमेकांना डोळे मारत सांगायची गोष्ट. मला दोन्हींशी कर्तव्य नव्हतं. माझी मान वळत नव्हती, एवढंच.

त्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन आईवडिलांकडे राहायला आले होते. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, सरकारी नोकरांच्या सोसायटीत वडिलांनी निवृत्तीआधी घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. पहाटेपासून कांद्याच्या ट्रकांची घरघर, आणि वारा फिरला की सडक्या कोबीचा वास. तिथून मी रोज कंपनीच्या एसी बसनं हिंजवडीला जायचे. तिकडे सगळं काचेचं आणि सुगंधी. दिवसातून दोनदा एवढं अंतर कापणाऱ्या बाईची मान दुखणारच, असं ऑफिसातल्या डॉक्टरनं मला हसून सांगितलं. त्यानं गोळ्या दिल्या. मी त्या त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मान कशानं धरली होती ते मला माहीत होतं. माझा नवरा इंजिनिअर, मऊ आवाजाचा. सासूबाईंच्या भाषेत अगदी गरीब गाय. त्यानं कधी आवाज चढवला नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना कधी काही ऐकू आलं नाही, आणि त्यांचं त्याच्याबद्दलचं मत शेवटपर्यंत उत्तम राहिलं. तो मागून यायचा. मी ओट्याशी उभी असताना, कधी मुलीला भरवत असताना. मान पकडायचा, खाली दाबायचा, आणि त्याच मऊ आवाजात मला माझ्या चुका समजावून सांगायचा. मुलगी समोर घास तोंडात धरून बघत बसायची. तिला मात्र त्यानं कधी बोट लावलं नाही. याचं श्रेय तो आजही घेतो.

घर सुटलं, वकील करून झाला, पण मागून कुणी आलं की माझे खांदे कानापर्यंत चढायचे आणि कोपर आपोआप मागे जायचं. आमच्या टीमचा लीड हा एक दिलदार गृहस्थ होता. सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलं की तो मुलामुलींच्या खुर्च्यांमागून फिरायचा आणि ‘रिलॅक्स यार’ म्हणत सगळ्यांचे खांदे चेपायचा. त्यानं माझे चेपले आणि माझं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. एचआरच्या मुलीनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, ‘मॅम, ही डझंट मीन एनिथिंग. तो सगळ्यांनाच करतो.’ मी म्हटलं, मग सगळ्यांनीच मारायला हवं होतं. तेव्हापासून माझ्या खुर्चीमागून कुणी फिरकेना. ही एक सोय झाली.

लीडचं जाऊ दे, त्याच्या बरगड्यांचं मला सोयरसुतक नव्हतं. पण घरी चार वर्षांची मुलगी होती आणि मुलं मागूनच येतात. मी भाजी निवडत बसलेली दिसली की धावत येऊन गळ्यात पडायचं, हा त्यांचा हक्कच असतो. ती यायची आणि माझं अंग असं उसळायचं की ती मागच्या मागे पडायची. पहिल्यांदा रडली. दुसऱ्यांदा रडली. मग रडायची बंद झाली. मला काही करून ते उसळणं थांबवायचं होतं. मान दुखली तर दुखू दे, ती काय, दुखते आणि राहते. पण माझ्या पोरीला माझ्या गळ्यात पडता आलं पाहिजे.

आईनं आधी तिच्या पद्धतीचा इलाज केला. बाळंतिणींना तेल लावणारी एक बाई बोलावली. आडदांड, बोलकी, हात लोखंडाचे. मला पाटावर बसवून तिनं विचारपूस करता करता मागून मान दाबली. मी तेलाची वाटी उडवली आणि बाथरूममध्ये कडी लावून बसले. बाहेर आई त्या बाईची समजूत घालत होती आणि बाई म्हणत होती, ‘लागिरलंय पोरीला, माझ्याकडून नाही उतरायचं.’ दार उघडून तिचीही मान धरावी असं मला वाटत होतं.

मग समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी सुचवलं. या बाई तरुण, खादीचा कुर्ता, समोर कायम कागदी रुमालांचा खोका. मी रडावं अशी त्यांची फार इच्छा होती. त्या म्हणाल्या, ‘कर्वेनगरला एक ताई आहेत. मार खाल्लेल्या, अत्याचार सोसलेल्या बायकांसाठीच मसाज थेरपी करतात. रीतसर शिकून आल्यात. तुम्ही एकदा रिलॅक्स होऊन बघा.’ मी नाही म्हटलं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘जाऊन पाय ना एक खेप. तुले कोणी खाऊन टाकते का तिथं? त्या लेकराकडं तरी पाय.’ आईला पुण्यात येऊन तीस वर्षं झाली तरी तिचं वऱ्हाड काही पुसलं नाही. लेकराचं नाव काढलं म्हणून मी गेले.

तळमजल्यावरचा फ्लॅट. दारात तुळस, चपलांसाठी फळी, आतून उदबत्तीचा वास. दार उघडणारी बाई पन्नाशीची, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. ‘चपला फळीवर. आत नको.’ हे तिचं स्वागत. मग माझं आडनाव विचारून झालं, आणि ते ऐकल्यावर क्षणभर जे थांबणं असतं तेही झालं. ते मी लहानपणापासून ओळखते. काय आहे ते समोरच्याला कळायला लागणारा तेवढा वेळ. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, वडील शिकले, मी इंजिनिअर झाले, आणि तो क्षणभर आहे तिथेच आहे.

तिनं मला खुर्चीत बसवलं. खुर्ची भिंतीला लावलेली नव्हती, पण तोंड दाराकडे होतं. हे मला बरं वाटलं, ते मी तिला सांगितलं नाही. मग ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, दोन हात अंतरावर. स्वतःचे हात तिनं पोटाशी एकमेकांत धरून ठेवले होते. आणि अगदी सभ्य, सावकाश आवाजात तिनं विचारलं, ‘तुमच्या खांद्याला हात लावू का?’

वाचणाऱ्याला यात रागावण्यासारखं काय, असं वाटत असेल तर तो सुखी आहे. मी कॉलेजात असताना शनिवार पेठेत एका बाईकडे खोली घेऊन राहिले होते. ती बाई वाईट बोलायची नाही. फक्त किल्ली देताना माझ्या ओंजळीत वरून सोडायची. कधीच हातात दिली नाही. खोली देताना तिनंही आडनाव विचारलं होतं, आणि मी बघत राहिले तर म्हणाली होती, ‘आम्ही सगळ्यांनाच विचारतो हो.’ दोन हात अंतर राखून, हात आवळून उभी असलेली बाई मला हात लावू का म्हणून विचारते, तेव्हा मला दुसरं काय ऐकू येणार होतं?

‘बाटत असेल तर नका लावू,’ मी म्हटलं.

ती गोंधळली. ‘काय?’

‘विचारता कशाला? लावायचा नसेल तर तसं सांगा ना सरळ.’

तिला कळलं. चेहरा लाल झाला, आणि नेमकं नको होतं तेच वाक्य तिच्या तोंडून आलं. ‘अहो, काहीतरीच काय! मी सगळ्यांनाच विचारते.’

मी उठले. फळीवरच्या चपला घातल्या, मुद्दाम आत येऊन पर्स उचलली, आणि तिच्या पुसलेल्या फरशीवर माझ्या चपलांचे ठसे सोडून निघून आले. बसमध्ये मला फार छान वाटत होतं.

ते छान वाटणं घरापर्यंत टिकलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मागे कुणीतरी खाकरलं. वडील असतील म्हणून मी सरकून जागा दिली. तर मुलगी. दारात उभी राहून, मूठ तोंडापुढे धरून, ती म्हाताऱ्या माणसासारखी खाकरत होती. मग हळूच पुढे आली आणि पाण्याचा पेला घेतला.

‘ही खाकरते काहून, माहीत हाय का तुले?’ आई म्हणाली. ‘तिच्या आजोबाले पाहून शिकली. तू दचकतं म्हणून. आता रोजच असं करते. आधी खाकरते अन् मंग येते.’

वडील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. ते फार बोलणारे नाहीत. ‘माझ्या बापाला गावात वरच्या आळीतून जायचं असलं की आरोळी द्यावी लागायची,’ ते म्हणाले. ‘कुणाच्या अंगावर सावली पडू नये म्हणून.’ आणि पेपर परत वर केला.

कणकेत हात तसेच ठेवून मी उभी राहिले. माझ्या आजोबांनी ज्या आरोळीपायी गाव सोडलं ती माझ्या घरात, माझ्यासाठी, माझीच मुलगी देत होती. मला वडिलांचा राग आला, असं तोंडावर सांगितलं म्हणून. आईचा आला. त्या मऊ आवाजाच्या माणसाचा तर एवढा आला की मी कणकेचा गोळा ओट्यावर आपटला. मुलगी दचकून बाहेर पळाली. रात्री मी जेवले नाही. सकाळी उठून कर्वेनगरला फोन केला.

ती बाई फोनवर एवढंच म्हणाली, ‘शनिवारी या. वेळेवर या.’ माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. शनिवारी चपला फळीवर ठेवून मी खुर्चीत बसले आणि विचारलं, ‘तुम्ही विचारता ते कशासाठी?’

‘माझ्याकडे येणाऱ्या बायकांना आजवर कुणी विचारलेलं नसतं म्हणून.’

‘मला विचारलेलं आहे. आडनाव काय, ते.’

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, ‘बरं. मग मी काय करू? न विचारता लावू?’

न विचारता हात लावणारा माणूस मी नुकताच सोडून आले होते. आणि या बाईला ते कळून तिनं विचारलं होतं, याचा मला जास्त राग आला.

‘मी सांगीन तेव्हा लावायचा,’ मी म्हटलं. ‘आणि थांबा म्हटलं की थांबायचं. लगेच.’

‘अहो, तीच तर माझी पद्धत आहे,’ ती म्हणाली. तिलाही राग आलेला होता. मला तो आवडला.

मग आमचं जे सुरू झालं त्याला उपचार म्हणणं म्हणजे फारच झालं. मी तिच्यावर सूड घेत होते. लावा म्हणायचे. तिचा तळवा खांद्यावर टेकला की म्हणायचे, थांबा. हात उचलला जायचा. लावा. थांबा. लावा. थांबा. कर्वेनगरच्या त्या स्वच्छ बाईला मी माझ्या शब्दावर उठायला बसायला लावत होते. कधी तिनं तेल नुकतं चोळून हात गरम केले असायचे, तेव्हा मुद्दाम थांबवायचे. कधी तिचा हात पोचायच्या आधीच. शनिवार पेठेतल्या किल्ल्या, शाळेतल्या एका गुरुजींनी लांबून फेकलेली वही, सगळं मी तिच्याकडून वसूल करत होते. तिनं कधी ‘आता पुरे’ म्हटलं नाही. हात उचलायची आणि तिथेच उभी राहायची. मी पुन्हा सांगेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडेसुद्धा बघायची नाही.

ती साध्वी होती असं कुणी समजू नये. पाच मिनिटं उशीर झाला तर ती दारातच ऐकवायची. माझ्या कंपनीतल्या पोरींच्या कपड्यांबद्दल तिची मतं होती. आणि एकदा, सगळं ठीक चाललेलं असताना, ती सहज म्हणाली, ‘तुमच्याकडे बघून वाटत नाही हो.’

‘थांबा,’ मी म्हटलं.

‘मी हात कुठे लावलाय?’

‘तोंड थांबवा म्हणतेय.’

निघताना तिनं दार उघडून धरलं आणि म्हणाली, ‘ते मी बोलायला नको होतं.’ मी ‘नकोच होतं’ म्हणून निघाले. चहा तिनं कधी विचारला असता की नाही, कप कुठला दिला असता, याची परीक्षा मी घेतली नाही. मी चहा पीत नाही.

पण तिच्या घरातून बाहेर पडताना मला काहीतरी व्हायचं. पहिले काही शनिवार मी त्याला जिंकल्याचा आनंद समजत होते. मग एकदा बसस्टॉपवर उभी असताना लक्षात आलं. लग्नाच्या सहा वर्षांत मी थांब म्हटलेलं होतं. ओट्याशी, आरशासमोर, हळू, मुलीला कळू नये म्हणून दात आवळून. तो कधीच थांबला नव्हता. त्या शब्दाला वजन नसतं अशी माझी खात्री झाली होती. आणि इथे एक अनोळखी बाई माझ्या नुसत्या खोडीपायी, शंभरदा, तो शब्द खरा करून दाखवत होती. मला तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत. पण पुढच्या शनिवारी मी वेळेवर गेले.

हळूहळू लावा आणि थांबा यांच्यातलं अंतर वाढत गेलं. खांद्यावरून हात मानेच्या खाली आला. मानेवर यायला फार दिवस लागले. तिथे ती समोरून यायची, मला दिसेल असा हात आणायची. ‘आता कानामागे येतेय. सांगा.’ एका शनिवारी ती ‘झालं’ म्हणाली आणि मला कळलं की मी सबंध वेळात थांबा म्हटलंच नव्हतं. मी चिडले. लबाडीनं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. रडले वगैरे नाही. समुपदेशक बाईंना मात्र मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आनंदानं रुमालांचा खोका माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी खाली बसून मेथी निवडत होते. आई झोपली होती. मुलगी मागून आली. खाकरली नाही, विसरली असेल. आणि गळ्यात पडली. माझे खांदे वर गेले, कोपर हललं, दात आवळले गेले. मनातल्या मनात मी थांब म्हटलं, कुणाला ते ठाऊक नाही. आणि कोपर थांबलं. तिचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती होते, एक हात चिकट होता, आणि तिच्या तोंडाला बिस्किटाचा वास येत होता. मी हातातली मेथी खाली ठेवली. मला एवढा आनंद झाला की काय करावं सुचेना.

‘ये,’ मी म्हटलं, ‘आज मी तुझ्या डोक्याला तेल लावते.’ इतके महिने ते आईच करत होती. मी वाटी कोमट करून आणली, पलंगाला टेकून बसले आणि तिला माझ्याकडे पाठ करून समोर बसवलं. तेल तळव्यावर घेतलं. दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

तो खांदा दगडासारखा झाला. मान आत गेली, दोन्ही खांदे कानापर्यंत चढले, आणि ती तशीच बसून राहिली. रडली नाही, पळाली नाही. ही बसण्याची पद्धत मला पाठ होती.

त्यानं तिला कधी बोट लावलं नव्हतं, हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. त्याला लावायची गरजच पडली नाही. ती घास तोंडात धरून बघत होती, आणि तेवढं तिला पुरलं. मला त्याला जिथे असेल तिथे जाऊन ठार मारावंसं वाटलं. मी हात काढून घेतला. तळव्यावरचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, साडीवर पडलं, मी पुसलं नाही.

ती पाठ करून बसलेली होती. मी हात मांडीवर ठेवून बसले. बराच वेळ गेला. आई उठली, दारात आली, आमच्याकडे बघून परत आत गेली. मग मुलीचे खांदे थोडे उतरले. ती बसल्या बसल्या मागे सरकली, थांबली, आणखी सरकली. शेवटी तिनं आपली पाठ माझ्या पोटाला टेकवली. मी हलले नाही.